भांगाच्या पाण्यात कॅमेरा आणि दिवे: मालवणातले पाच दिवस

पौष शुद्ध नवमी ते त्रयोदशी, मुक्काम मालवण. इथं पाण्याखाली चित्रीकरण करायचं तर तारखेआधी तिथी बघायची. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जोरानं आत-बाहेर करतं, तळाची रेती आणि कर्ली नदीच्या मुखातून आलेला गाळ वर येतो आणि समोरचं दोन-तीन मीटरवरही धड दिसत नाही. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो. चढउतार कमी, त्यामुळे गाळ तळाला बसलेला.

मग ऐन अष्टमीलाच का नाही जायचं? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सकाळी सहाला, म्हणजे ऊन वर येईस्तोवर ओहोटी लागलेली. बाहेरचं स्वच्छ पाणी खडकांपाशी येतं ते भरतीच्या शेवटी. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, हे तीन दिवस उजेड आणि पाणी दोन्ही जुळवतात. शिवाय दुपारनंतर वारा सुटतो, त्याआधी काम उरकतं. मुंबईच्या दक्षिणेला भरती जरा आधीच लागते, म्हणून हिशेबातून आलेल्या वेळेवर विसंबून होडी ठरवू नये, तक्ता पाहावा.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्गाभोवतालचं पाणी त्यातच येतं. अभयारण्यात चित्रीकरणाची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वनखात्याकडून घ्यायची, आणि ती हातात पडल्यावरच होडीचे पैसे भरायचे. प्रवाळाला याच कायद्याचं कडक संरक्षण आहे. ट्रायपॉडचा पाय प्रवाळावर टेकवणं हा नुसता अडाणीपणा राहत नाही, गुन्हा होतो.

पहिला दिवस, नवमी: खोलीवर

पोचल्यावर पहिलं काम एसी लावायचं. अंगाला गार वाटावं म्हणून नाही, हवा कोरडी व्हावी म्हणून. कॅमेरा हाउसिंगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पेटीत, बंद करताना आत जी हवा अडकते, तिच्यातलाच दमटपणा पुढे काचेवर धुकं होऊन बसतो. चालू कॅमेरा गरम होतो, बाहेरचं पाणी २७ अंशांच्या आसपास, मग आतली वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे नेमकी भिंगासमोरच्या काचेवर जमते. हाउसिंग एसीच्या हवेत बंद केलं आणि बाजूला धुकंरोधक पट्टी सरकवली की हा प्रश्न जवळजवळ मिटतो. होडीवर, दमट हवेत दार उघडलं की सगळं मुसळ केरात.

टेबलावर पांढरा पंचा पसरून त्यावर सुटे भाग मांडले. पांढरा अशासाठी की काळी ओ-रिंग (दाराच्या फटीतून पाणी अडवणारं रबरी कडं) आणि वाळूचा कण दोन्ही त्यावर दिसतात. एक गोप्रो कॅमेरा, त्याचं ६० मीटरचं हाउसिंग, २८ सेंटिमीटर रुंदीचा अॅल्युमिनियमचा ट्रे (कॅमेरा ज्यावर बसतो ती पट्टी), दोन हँडल, प्रत्येक हँडलच्या डोक्यावर एक इंची बॉल. दर बाजूला २० सेंटिमीटरचा एक आणि १३ सेंटिमीटरचा एक असे दोन फ्लोट आर्म, म्हणजे आतून पोकळ, पाण्यात वर उचलणारे. बॉलला बॉल जोडायला दर बाजूला तीन क्लॅम्प: हँडल ते पहिला आर्म, पहिला ते दुसरा, दुसरा ते दिवा. दोन व्हिडिओ दिवे, प्रत्येकी २५०० लुमेन, पाण्यातला झोत १०० अंशांचा. गोप्रो उघडाही १० मीटरपर्यंत पाणी सोसतो. पण सात मीटरवर काम करताना एखादी घळ दिसली आणि तीन-चार मीटर आणखी खाली गेलं की ती मर्यादा संपते. हाउसिंग हवंच.

मालवणच्या पाण्यात महाग आणि स्वस्त कॅमेऱ्यानं जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक दिवा भिंगापासून किती लांब आणि कुठल्या कोनात बांधलाय यानं पडतो. म्हणून पैसे कॅमेऱ्यात न घालता आर्म आणि क्लॅम्पमध्ये घातलेले बरे. पाण्याखाली हातातून सुटतो तो स्वस्त क्लॅम्पच.

ओ-रिंग. काढताना सुई, टाचणी, चाकूचं टोक यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. दाराभोवती रिंग दोन्ही अंगठ्यांनी एकमेकांकडे सरकवली की मध्ये तिचा छोटा फुगवटा उभा राहतो. तो चिमटीत धरून ओढायचा. मग रिंग बोटांतून हळू फिरवायची. वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. खाच चष्मा पुसायच्या कापडानं पुसायची. कापसाच्या काडीचे तंतू मागे राहतात, आणि एक तंतू पाणी आत यायला पुरतो. ग्रीस अख्ख्या रिंगेला मिळून अर्ध्या मुगाएवढं. रिंग चकचकीत दिसली पाहिजे, पांढरी नाही. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी अडवते ती दाबली गेलेली रिंग. ग्रीसमुळे ती खाचेत पीळ न पडता सरकते एवढंच. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. आणि सिलिकोनच्या रिंगेला सिलिकोन ग्रीस लावू नये, ती फुगते. तिच्यासोबत कंपनीचं जे ग्रीस येतं तेच वापरायचं. काळ्या नायट्राइल रिंगेला सिलिकोन ग्रीस चालतं.

दिव्यांच्या झाकणालाही रिंगा असतात, बहुधा दोन. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा दिवेच जास्त बुडतात.

दिवे कोरड्यात पाच सेकंदांपलीकडे लावायचे नाहीत. त्यांना गार ठेवायचं काम पाणी करतं; हवेत ते मिनिटभरात हात भाजेल इतके तापतात. पण तेवढ्या पाच सेकंदांत एक तपासणी होते: कॅमेऱ्यात पाहत दिवा पूर्ण, मग निम्म्या उजेडावर. काही दिवे उजेड कमी करायला एलईडी भरभर चालू-बंद करतात आणि चित्रात आडवे काळे पट्टे सरकतात. यांतला एक दिवा निम्म्यावर पट्टे दाखवत होता, पूर्ण उजेडावर नाही. त्याच्यावर चिकटपट्टी लावून ‘फक्त फुल’ लिहून ठेवलं. पाण्याखाली कळून काही उपयोग नसतो.

मग वजन. हे काम बहुतेक जण टाळतात आणि दुसऱ्या डाइव्हनंतर मनगट धरून बसतात. किनाऱ्यावरून दोन बादल्या समुद्राचं पाणी टबात ओतलं, प्रवासाची बॅग तोलायचा काटा घेतला, एकेक भाग काट्याला टांगून पाण्यात बुडवला. हाउसिंगसकट कॅमेरा जवळजवळ शून्य. ट्रे आणि हँडल मिळून २१० ग्रॅम खाली ओढतात. दोन दिवे ३२०. सहा क्लॅम्प, दर नग ६०, म्हणजे ३६०. एकूण ८९० ग्रॅम खाली. आता वर उचलणारे: २० सेंटिमीटरचे दोन फ्लोट आर्म प्रत्येकी २६०, १३ सेंटिमीटरचे दोन प्रत्येकी १२०, एकूण ७६०. उरले १३० ग्रॅम खाली. हे बरोबर आहे. हा सगळा जोडलेला सांगाडा किंचित जड हवा. हातातून सुटला तर हळूच खाली बसावा, वर पळू नये.

बाथरूमच्या नळाचं पाणी घेऊ नका. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. हाच सांगाडा हवेत २.५६ किलो भरतो, गोड्या पाण्यात १९० ग्रॅम भारी दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून आणखी एखादा फ्लोट चढवला की समुद्रात तो हातातून वर निघतो.

फ्लोट आर्मऐवजी पोहायच्या फोमच्या नळीचे तुकडे आर्मवर चढवायची युक्ती बरेच जण करतात. स्वस्त आहे, दोन मीटरवर चालतेही. पण फोममधली हवा दाबाखाली आकसते: १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, आणि उचल त्याच प्रमाणात घटत जाते. खाली जड, वर हलका, असा सांगाडा म्हणजे हातात धरलेला लंबक. रापणीच्या जाळ्याचा टणक बोया त्यापेक्षा बरा. तो सहजी दबत नाही.

संध्याकाळी तांडेल (होडीचा प्रमुख) होडी घेऊन निघणारच होता. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिशू पेपरची घडी ठेवली, जाळीच्या पिशवीत २ किलो शिसं घातलं आणि पिशवी दोरानं ८ मीटर खाली सोडून पाव तास ठेवली. वर आल्यावर टिशू कोरडा. नव्या किंवा बऱ्याच दिवसांनी काढलेल्या हाउसिंगला हे न करता कॅमेरा आत घालणं म्हणजे जुगार.

दुसरा दिवस, दशमी: दिव्यांशिवाय

सिंधुदुर्गाच्या बाहेरच्या अंगाला, ७ मीटर. कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला, आणि त्याच्या तटाला जे खडक राखतात त्यांच्याच कपारींत आज प्रवाळ आणि मासे आहेत. गर्दी उथळ भागात असते. पर्यटकांना हात धरून खाली नेणाऱ्यांच्या फिन्सनी (पायातल्या रबरी पंखांनी) रेती उठते, ती अर्धा तास खाली बसत नाही. त्या जागेपासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला होडी लावली की तो प्रश्न टळतो.

दिवे लावले नाहीत, आर्म मागे दुमडून दोरानं बांधले. पहिली डाइव्ह फक्त सांगाड्याचा तोल आणि नैसर्गिक उजेड यांसाठी. पाणी हिरवट होतं, दिसणं ५-६ मीटर. हिरव्या पाण्यात लाल फिल्टरपेक्षा मॅजेंटा (जांभळट गुलाबी) बरा, कारण घालवायचा आहे तो हिरवा रंग. तोही साधारण ३ ते १५ मीटरच्या दरम्यानच. त्याहून वर चित्र गुलाबी पडतं, त्याहून खाली काढायला लालच उरलेला नसतो, फिल्टर नुसता उजेड खातो. दिव्यांबरोबर फिल्टर कधीच नको. दिव्याच्या उजेडात लाल असतोच, समोरचा मासा शेंदूर फासल्यासारखा दिसतो.

पाण्यात उतरल्यावर पहिल्याच मिनिटात फिल्टर एकदा उघडून परत बसवायचा. हाउसिंगची काच आणि फिल्टर यांच्यात हवेचा बुडबुडा अडकतो. खाली पाहताना तो कडेला जातो, कॅमेरा वर केला की चंद्रासारखा मधोमध येतो. चाळीस मिनिटांचं चित्रण त्या चंद्रासकट परत आणल्याची उदाहरणं कमी नाहीत.

सेटिंग: ४के, सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१००, आयएसओची (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, त्या आकड्याची) कमाल मर्यादा ८००, ‘लिनियर’ दृश्य. १०० मेगाबिटच्या दरानं तासाला ४५ जीबी भरतात, तेव्हा १२८ जीबीचं कार्ड दोन डाइव्हना पुरतं आणि मध्ये दार उघडावं लागत नाही. बॅटरी मात्र पुरवून वापरायची: पाण्याबाहेर कॅमेरा बंद, वाय-फाय बंद, शॉटच्या मध्ये पडदा बंद.

या डाइव्हमधली खोड: कॅमेरा हळूहळू खाली मान घालत होता. हाउसिंग ट्रेला दोन-तीन पाकळ्यांच्या मानेनं आणि एका आडव्या स्क्रूनं जोडलेलं असतं. कोरड्यात हातानं आवळलेला स्क्रू पाण्यात प्लॅस्टिक ओलं झालं की ढिला वाटू लागतो. पाकळ्या एकमेकांवर घसरतात. उपाय दोन. स्क्रू पान्यानं पाव फेरा आणखी आवळायचा, त्याहून जास्त नाही, पाकळी तडकते. किंवा हाउसिंगला पिंजरा घालून ट्रेवर दोन बोल्टनी बसवायचं. एका बोल्टवर कुठलीही गोष्ट फिरते, दोनवर नाही. तिसऱ्या दिवसापासून पिंजरा.

तोलाबाबत एक गोष्ट टबात कळत नाही. एकूण वजन १३० ग्रॅम असलं तरी ते कुठं आहे याला महत्त्व. आर्म मागे दुमडले की दिवे डायव्हरच्या छातीकडे येतात, सांगाड्याची शेपटी जड होते आणि भिंग आकाशाकडे बघू लागतं. मनगट सतत त्याला खाली दाबत राहतं. पाच मिनिटं चालतं, चाळीस नाही. आर्म बाजूला पसरल्यावरच हा सांगाडा सरळ तरंगतो, म्हणून दिवे लावायचे नसले तर ते खोलीवरच ठेवून उतरायचं आणि सोबत मोठे फ्लोटही काढायचे. फ्लोट राहिले आणि दिवे गेले तर सांगाडा १९० ग्रॅमनी वर पळेल.

तिसरा दिवस, एकादशी: दिवे

आज सगळ्यात जास्त शिकवणारं पाणी होतं. तांडेलानं सकाळी धक्क्यावरून बघूनच सांगितलं, “आज पाणी गढूळ आसा.” दिसणं ३ ते ४ मीटर. दिव्यांची परीक्षा घ्यायची तर असंच पाणी हवं.

पहिले पाच मिनिटं मुद्दाम चुकीची मांडणी केली, नंतर तुलना करता यावी म्हणून. दोन्ही दिवे हँडलवरच्या बॉलला थेट, भिंगापासून १४ सेंटिमीटरवर, सरळ पुढे. पडद्यावर पाऊस. पाण्यातला प्रत्येक कण भिंगासमोर उजळून निघाला आणि मागचा पोपटमासा त्या पावसापलीकडे फिकट सावलीसारखा. रात्री धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर जे होतं तेच हे. डायव्हर याला बॅकस्कॅटर म्हणतात. कण तेवढेच असतात. दिवा त्यांना समोरून मारतो आणि ते उजेड सरळ भिंगात परत फेकतात.

आता आर्म उघडले. पहिला आर्म हँडलपासून आडवा बाहेर, दुसरा कोपरात वाकवून मागे आणि किंचित वर, असे की दिवा भिंगाच्या मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटर बाजूला आणि काचेच्या पातळीच्या १० सेंटिमीटर मागे येईल. विषय ६० सेंटिमीटरवर. दिवा सरळ पुढे धरला तर त्याच्या १०० अंशांच्या झोताची आतली कड भिंगासमोरच्या रेषेला काचेपासून अवघ्या २४ सेंटिमीटरवर छेदते, म्हणजे पुढचं सगळं ३६ सेंटिमीटर पाणी उजळतं. दिवा १५ अंश बाहेर वळवला की तीच कड ४७ सेंटिमीटरवर येते. उजळलेलं पाणी उरतं फक्त शेवटचं १३ सेंटिमीटर. २० अंश वळवलं तर कड जवळजवळ विषयावरच पडते, पण तिथं झोताची धार मऊ आणि उजेड निम्म्याहून कमी, मासा काळवंडतो. १५ हा मधला मार्ग. हे कोन कोनमापकानं मोजायचे नसतात. खोलीत भिंतीवर ६० सेंटिमीटरवर पट्टी चिकटवून दिव्यांची जागा ठरवायची आणि क्लॅम्पवर रंगाची खूण करायची.

यात एक फसगत आहे आणि अनुभवी माणसंही तीत सापडतात. मास्कच्या काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर भासते. ६० सेंटिमीटरवरचा मासा ४५ वर दिसतो. डायव्हर डोळ्यांना दिसतो तिथं दिवे रोखतो, झोत माशाच्या अलीकडे, रिकाम्या पाण्यात एकत्र येतात, आणि पाऊस परत सुरू. दिवे नेहमी दिसणाऱ्या माशाच्या पलीकडे रोखायचे. एकदा हे हाताला बसलं की बाकीचं सोपं.

दुसरं बंधन अंतराचं. दिसण्याच्या पाचव्या हिश्श्याहून लांबचं काही दिव्यानं उजळायला जाऊ नये. दिसणं ३ मीटर, तर ६० सेंटिमीटर. त्यापलीकडे उजेड वाढवला की पाऊसच वाढतो. लुमेनचे आकडे बघून दिवे घेणाऱ्यांना हे पटत नाही, पण या पाण्यात ५००० लुमेनचे दिवे ४० सेंटिमीटरवर २५०० लुमेनच्या दिव्यांहून काही वेगळं करत नाहीत. उलट ७ मीटरवर भरदुपारी वरून इतका उजेड येतो की मीटरभर अंतरावर दिवा चालू आहे की बंद हे चित्रात कळतही नाही. दिव्याचं काम रंग परत आणण्याचं, आणि ते हातभर अंतरातच. कपारीत बसलेली शेवंड दिव्याआधी तपकिरी-करडी दिसते. दिवा पडला की तिच्या मिशांचं नारिंगी उभं राहतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा करतो तो रंगांचा मेळ) ५५०० केल्व्हिनवर कुलूपबंद ठेवायचा, नाहीतर दिवा विषयावर आला की कॅमेरा रंग बदलत राहतो आणि तो बदल चित्रात दिसतो.

क्लॅम्प किती आवळायचे? सांगाडा पाण्याबाहेर धरला तर आर्म स्वतःच्या वजनानं पडू नयेत, पण पाण्यात एका हाताच्या दाबानं वळावेत. बॉलच्या पोटावर एक लहान ओ-रिंग असते. तीच पकड देते, म्हणून बॉलला ग्रीस लावायचं नाही. ग्रीस लावायचं ते क्लॅम्पच्या स्क्रूच्या आट्यांना. नेमकं उलटं करणारे बरेच भेटतात, आणि मग दिवे डाइव्हच्या मध्यावर झोपतात. आज डाव्या बाहेरच्या क्लॅम्पनं तेच केलं. वर आल्यावर उघडला तर बॉल आणि क्लॅम्पच्या मध्ये रेतीचे दोन कण होते. धातू धातूवर घासतच नव्हता, कणांवर तोलला गेला होता.

गढूळ पाण्यात उरलेला गाळ डायव्हर स्वतः उठवतो. पाय वर-खाली मारू नयेत. बेडकासारखे बाजूला आणि मागे. तळापासून निदान मीटरभर वर राहायचं. सोबत्यानं प्रवाहाच्या खालच्या बाजूला थांबायचं, त्याचा गाळ आणि बुडबुडे कॅमेऱ्यापुढे येत नाहीत.

दहाच्या डाइव्हला सांगाडा हातात धरलाच नाही. ट्रेच्या खाली तीन लहान आर्म बॉलनी जोडून तिवई केली, प्रत्येक पायाला अर्धा किलो शिसं बांधलं, आणि खडकाशेजारी उघड्या रेतीवर ती बसवून बाजूला झालो. दीड किलो या पाण्याला पुरलं. हेलकावा जास्त असता तर दोन लागले असते. पहिली दहा मिनिटं चित्रात नुसती रेती. मग बुडबुड्यांचा आवाज लांब गेल्यावर पट्टेवाले सार्जंट मेजर मासे परतले, त्यांच्यामागे कपारीतला गोबरा अर्धा बाहेर आला. माणूस कॅमेऱ्यामागे असताना गोबरा असा येत नाही. दिवे यासाठी पन्नास मिनिटं पुरत नाहीत, म्हणून तिवईवर दिवे न लावता फक्त वरचा उजेड आणि मॅजेंटा फिल्टर.

चौथा दिवस, द्वादशी: वेंगुर्ला रॉक्स

निवतीसमोरच्या समुद्रात दीपगृह असलेले हे खडक, इंग्रजी नकाशांवर बर्न्ट आयलंड्स. गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात, तिथं उतरायचं नाही. पाण्याला इथं नदीचा गाळ नाही, दिसणं १० मीटरच्या पुढे गेलं. पण प्रवाह आणि लाट दोन्ही आहेत, आणि सांगाड्याची खरी कसोटी पाण्यात नव्हे, होडी आणि पाणी यांच्या मध्ये लागते.

दोन हँडलच्या मधून १० मिलिमीटरची नायलॉन दोरी, हातात मावेल एवढी ढिली. सांगाडा देताना-घेताना फक्त तिलाच धरायचं. दिवा किंवा आर्म धरून उचलला तर पूर्ण वजन एका क्लॅम्पवर येतं. पाठमोरी उडी मारताना कॅमेरा हातात नको: दाब आणि आपटणं एकाच क्षणी रिंगेवर येतं. आधी डायव्हर पाण्यात, मग खलाशी सांगाडा भिंग खाली करून पाण्यात धरणार, डायव्हर पट्ट्याचा हुक छातीच्या कडीत अडकवणार, मग खलाशी सोडणार. हा क्रम धक्क्यावर एकदा कोरडाच करून दाखवावा. होडी वर-खाली होत असताना ओरडून समजावता येत नाही.

पाण्यात गेल्यावर लगेच खाली जायचं नाही. दोन मीटरवर थांबून हाउसिंगच्या दाराकडे अर्धा मिनिट बघायचं. लहान बुडबुड्यांची एकच रांग एकाच जागेतून सतत येत असेल तर वर. इकडेतिकडे चिकटलेले बुडबुडे उतरताना आलेले असतात, ते झटकून जातात.

१६ मीटर. लाल इथं संपलेला, म्हणून दिव्यांशिवाय मऊ प्रवाळ निळसर राख. स्वच्छ पाणी असल्यामुळे दिवे थोडे पुढे आणि वळण १५ वरून ५ अंशांवर आणता आलं, विषय मीटरभर. मागचं पाणी निळं ठेवायचं तर कॅमेरा किंचित वर रोखायचा आणि उघड्या पाण्याला निम्मी चौकट द्यायची.

हेलकाव्यात मात्र पसरलेले आर्म शिडासारखे वागतात. लाट आली की सांगाडा डायव्हरसकट बाजूला जातो. त्याला विरोध करून हात ताठ केला की चित्र हादरतं. लाटेबरोबर जायचं, ती थांबते तेवढ्या दोन-तीन सेकंदांत शॉट. आणि एका हातानं खडकाला धरायचा मोह झाला तर शॉट सोडून द्यायचा.

कॅमेऱ्यामुळे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे लक्ष जात नाही. यावर तोडगा एवढाच की प्रत्येक शॉट संपला की गेज, आणि शेवटचा शॉट टाकीत ७० बार उरले की, मग तो कितीही चांगला चाललेला असो. वर येताना मिनिटाला ९ मीटरहून हळू, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. सांगाडा त्या वेळी पट्ट्यावर लोंबता, दोन्ही हात मोकळे.

दुसऱ्या डाइव्हनंतर उजव्या दिव्यात झाकणाच्या काचेखाली एक थेंब दिसला. अशा वेळी दिवा तिथंच उघडायचा नाही. खारं पाणी आणि लिथियम सेल एकत्र आले की आत वायू साठतो, झाकण उडू शकतं. होडीच्या टोकाला, कुणाच्या तोंडाकडे नाही अशा दिशेला झाकण ठेवून, टॉवेल गुंडाळून, एकेक आटा सैल करायचा. उघडल्यावर कारण सापडलं: रिंगेच्या खाली टॉवेलचाच एक निळा धागा. सकाळी सेल बदलून झाकण लावताना तो पडला असणार. सेल बाजूला वाळूच्या डब्यात ठेवला, परत चार्ज करायचा नाही. पाणी आत आलेला सेल वरून ठीक दिसतो आणि रात्री चार्जरवर पेटतो.

साडेअकराला शेवटची डाइव्ह संपली.

पाचवा दिवस, त्रयोदशी: धुणं आणि घाट

आज पाण्यात नाही. दोन कारणं, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं.

सामान काल संध्याकाळीच गोड्या पाण्याच्या टबात बुडवलं होतं, अर्धा तास, हाउसिंग बंदच. पाण्याखालीच प्रत्येक बटण वीस-वीस वेळा दाबायचं, नाहीतर दांडीभोवतीचं मीठ वाळतं आणि पुढच्या खेपेला बटण आत गेलं की वर येत नाही. होडीवरच्या सामायिक पिंपात कॅमेरा टाकू नये. त्यात दुसऱ्यांचे श्वासाचे रेग्युलेटर, शिसं, मास्क आपटत असतात, शिवाय मास्कला लावलेला शांपू रिंगेला लागतो.

क्लॅम्प सगळे सुटे करून धुतले. स्टीलचा स्क्रू आणि अॅल्युमिनियमचा क्लॅम्प यांच्यात मीठ राहिलं की पांढरी पूड धरते आणि महिनाभरात दोन्ही एकजीव होतात, मग करवतच. सहापैकी एकाच्या आट्यांत ती पूड चार दिवसांतच दिसू लागली होती, डाव्या बाहेरच्या, परवा दिवा झोपवणाऱ्या. टूथब्रशनं घासून, सावलीत पंख्याखाली वाळवून आट्यांना ग्रीसचा एक पुसट हात. उन्हात काही वाळवायचं नाही, रिंगा तडकतात.

आता घाट. एकाहून जास्त डाइव्ह झाल्यावर विमानाआधी निदान १८ तास थांबायचं, हे बहुतेकांना पाठ असतं. चिपीच्या विमानतळावरून निघणारे ते पाळतातही. कोल्हापूर-पुण्याला गाडीनं जाणारे मात्र डाइव्ह संपवून, मासे-भात खाऊन दुपारीच घाट चढायला लागतात. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटरवर आहे, आणि डाइव्हमध्ये रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे धरू शकतो; त्याला ती उंची गाडीनं गाठली काय की विमानानं, फरक पडत नाही. काल साडेअकरापासून १८ तास म्हणजे आज पहाटे साडेपाच. सामान वाळेपर्यंत दुपार झालीच.

विमानानं जाणाऱ्यांनी सेल दिव्यांतून काढून, प्रत्येक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत, हातातल्या बॅगेत घ्यायचे. दिवा सेलसकट सामानात टाकला आणि बटण दाबलं गेलं तर बॅगेतच तो तापतो. गाडीनं जाणाऱ्यांना डब्या लागतातच, फक्त बॅगेची चिंता नाही. आर्म क्लॅम्पसकट बांधून ठेवायचे नाहीत. स्क्रू ढिले, रिंगा हाउसिंगमधून काढून वेगळ्या पुडीत, हाउसिंगचं दार अर्धवट उघडं.

बुडालेल्या दिव्याची रिंग आणि सेल नवे लागतील. बाकी सांगाडा पुढच्या भांगाला जसाच्या तसा.